सोनं पाण्यात असताना

सुतारानं कडी मागे सारली, पुढे आणली, पुन्हा मागे सारली. कडी आवाज न करता गेली आणि आवाज न करता आली. "शेठ, हिला काय झालंय? लोण्यासारखी सरकतेय," जितेंद्र सुतार म्हणाला आणि स्क्रू-ड्रायव्हर कानावर अडकवून उभा राहिला. गाळायच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढून टाकायची, असं सरकारी माणूस येऊन सांगून गेल्यापासून दुकानात ठरलं होतं. तेजसशेठ मोबाईलवर बोलता बोलता वळला. "जाम झाली होती ती. त्याच्यानंच तर सगळं झालं. हो ना, काका?" लीलाधर बाहेरच्या काचेच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता. हॉस्पिटलातून आल्यापासून त्याचं काम तेच होतं. गिऱ्हाईक आलं की दार उघडायचं, या बसा म्हणायचं, पाणी पुढे करायचं. जळगावच्या सराफ बाजारात तीस वर्षं बंद दाराआड काढलेल्या माणसाला शेठनं दार उघडायच्या कामावर ठेवलं होतं, आणि त्यात थट्टा करायचा शेठचा बिचाऱ्याचा काही हेतू नव्हता. "हो," लीलाधर म्हणाला, "त्या दिवशी झाली होती." जितेंद्रनं खांदे उडवले आणि स्क्रू सोडवायला घेतले. एका गिऱ्हाईकानं पाणी मागितलं. लीलाधर उठला, माठापर्यंत सात पावलं गेला आणि तिथं माठाला हात टेकून उभा राहिला. आठ महिने हे वाक्य दुसरेच म्हणत आले होते. हॉस्पिटलात, दुकानात, घरी बायकोच्या, ज्योत्स्नाच्या, माहेरच्यांपुढे. तो नुसता गप्प राहत होता. गप्प राहण्यात एक सोय असते, आपण खोटं बोललो नाही असं स्वतःला सांगता येतं. आज पहिल्यांदा ते त्याच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडलं होतं, आणि तेही इतकं सहज की माठापाशी पोचेपर्यंत त्याला कळलंच नाही.

कडी कधीच जाम झाली नव्हती. ती त्यानं धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा घेतली. ज्योत्स्नाला म्हणाला, "धुळ्याला जाऊन येतो. मुख्तारभाईला बघून." ती ओट्याशी वांगी भाजत होती, पौषातली पांढरट हिरवी, बामणोदची भरताची वांगी. तिनं मागे वळून पाहिलं. "आठ महिन्यांनी सुचलं तुम्हाला." मग काही न बोलता तिनं वांग्यांचं साल काढलं, मिरच्या ठेचल्या, आणि भरताचा स्टीलचा डबा दोनदा फडक्यात बांधून त्याच्या पिशवीत घातला. "त्यांना आवडतं. श्वासाचा पंप घेतलाय का? कपाशीच्या गाड्या असतात रस्त्यानं, खिडकीत बसू नका." त्या दिवशी खोलीत त्याच्याबरोबर मुख्तारही होता, आणि तिला वाटत होतं तो दम लागतो म्हणून बघायला जात नव्हता. सगळ्यांनाच तसं वाटत होतं, आणि दम तर लागतच होता, त्यामुळे ते धादांत खोटंही नव्हतं. पिंप्राळ्याच्या घरापासून रिक्षा, रिक्षातून स्टँड, स्टँडवर एस.टी.च्या तीन पायऱ्या. दुसऱ्या पायरीवर तो थांबला. मागची बाई म्हणाली, "चढा ना हो भाऊ," आणि त्याचं तोंड बघून गप्प झाली.

गाडी एरंडोलच्या रस्त्याला लागली. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकले होते. त्याला सोनगीर आठवलं, किल्ल्याखालचं दोन खणांचं घर, आणि शेगडीपुढे बसलेला बाप. बाप सोनारकाम करायचा. दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीनं फुंकून जोड वितळवायचा, आणि ती फुंक तुटली तर जोड फसायचा. नाकानं आत ओढायचं, गालात साठवायचं, तोंडानं सोडत राहायचं, ज्योत एका रेघेत वाकलेली राहिली पाहिजे. लीलाधर नऊ वर्षांचा असताना बापानं त्याच्या हातात फुंकणी दिली आणि ज्योत वाकली ती वाकलेलीच राहिली. बापानं शेजारच्या तांबटाला हाक मारून बोलावलं. "दख, दख, याना दम मोठा शे!" आयुष्यात बापानं केलेलं तेवढंच कौतुक. पुढे गावात सोनाराला काम उरलं नाही, लीलाधर जळगावला आला, फुंकणी जाऊन गॅसची बत्ती आली, पण दम मोठा ही गोष्ट त्याच्या अंगात घट्ट बसून राहिली. मेहरूणच्या तलावात तो पोरांबरोबर बुडी मारायचा आणि सगळ्यांच्या शेवटी वर यायचा. हे सगळं त्यानं गेल्या महिन्यात डिंपलला सांगितलं. डिंपल म्हणजे श्वास मोजायच्या खोलीतली मुलगी. तिनं त्याच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली, आणि म्हणाली, "काका, जोरात फुंका. फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" पडद्यावर रेघ उगवली आणि लगेच आडवी झाली. तीनदा केलं. तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर झाडासारखं चित्र काढून दाखवलं. मोठ्या फांद्या ठीक आहेत, शेवटच्या बारीक काड्या तेजाबाच्या धुरानं भाजल्या आणि आतून बुजल्या. त्या पुन्हा उघडत नाहीत. जे उरलंय ते जपायचं. लीलाधरनं त्या चित्राची घडी करून खिशात घातली होती आणि घरी कोणाला दाखवली नव्हती.

आबाशेठ म्हणजे तेजसचे आजोबा. गाळायच्या खोलीचा नियम त्यांचा. मोडीचं सोनं तेजाबात विरघळवलं की ते दिसेनासं होतं. काचेच्या भांड्यात उरतो तो नुसता पिवळसर तांबूस काढा, कोऱ्या चहासारखा. मग त्यात पांढरी पूड पडते आणि तळाशी सोनं गाळासारखं बसतं, ते धुवायचं, आटवायचं, तोलायचं. मधल्या दोन तासांत सोनं कुठं असतं? पाण्यात. डब्यातून पेलाभर बाहेर गेलं तरी कोणाला कळायचं नाही. म्हणून आबाशेठ म्हणायचे, "पाण्यातलं सोनं कोणाचंच नसतं रे. ते परत सोनं होऊन काट्यावर चढेपर्यंत दार उघडायचं नाही. मी आलो तरी नाही." आणि एकदा ते स्वतः आले, दार ठोठावलं, लीलाधरनं उघडलं नाही. आतून म्हणाला, "आबा, सोनं पाण्यात आहे." आबा बाहेर पाऊण तास उभे राहिले आणि मग सगळ्या दुकानासमोर म्हणाले, लीलाधर आत असला की मला खोलीकडे बघावं लागत नाही. भूमिकाच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, जन्माचा निरोपही असाच दाराबाहेर ताटकळला होता. ज्योत्स्ना तो किस्सा आजही सांगते, हसत सांगते, पण अगदी हसतच सांगते असंही नाही. आबाशेठ जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचं ते वाक्य लीलाधर अजून कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्यासारखं बाळगून होता.

मुख्तार त्याच्याबरोबर अठरा वर्षं होता. उंच, रुंद हाडाचा, हात मात्र बाईसारखे हलके. काचेचं भांडं त्याच्या हातून कधी फुटलं नाही. त्या दिवशीही फुटलं ते त्याच्या हातून नाही, आपलं आपण तडकलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा आठवडा, मोडीचा ढीग पडलेला, एका भांड्यात मावेल त्याहून जास्त चढवलेलं. दुपारी लाईट गेली. धूर ओढणारा पंखा घरघरत थांबला आणि इन्व्हर्टर होता तो फक्त बाहेरच्या दुकानाला, गिऱ्हाइकांना गरम होऊ नये म्हणून. मग टक् असा आवाज झाला, बांगडी वाढल्यावर होतो तेवढाच. कढत तेजाब टेबलावरून खाली गेलं, आणि खाली भिंतीशी तेजाबातली चांदी तळाला बसवायच्या तांब्याच्या पट्ट्या रचून ठेवल्या होत्या. तिथून धूर उठला. आधी पिवळा, मग विटकरी. डोळ्यांना झोंबला, घशाला लागला, आणि पाच मिनिटांनी लागेनासा झाला. हीच त्याची लबाडी. मुख्तार ओरडला, "लीलाधरभाऊ, दार खोल! धुवाँ बघ!" लीलाधर दारापाशी गेला. हात कडीवर ठेवला. आणि तिथंच पाठ दाराला लावून उभा राहिला. "सोनं पाण्यात आहे," तो म्हणाला. मुख्तार जवळ आला. त्यानं आपला हात लीलाधरच्या हातावर ठेवला. कडीवर दोन हात, एकावर एक. त्यानं जोर लावला असता तर लीलाधर कागदासारखा बाजूला झाला असता. त्यानं लावला नाही. त्यानं डोळ्यांत बघितलं, हात काढला, वळला, आणि सुती फडकी घेऊन गुडघ्यांवर बसून फरशी टिपायला लागला. फडकी टबात पिळायची नाहीत, तशीच टाकायची. नंतर ती जाळली की राखेतून सोनं मिळतं. वीस-पंचवीस मिनिटं. धूर जड असतो, खाली बसतो, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. दाराला फट असते आणि फटीतून बाहेरची हवा येते, हे मात्र कोणी सांगायची गरज नव्हती. लीलाधरच्या पाठीला ती तेव्हाही लागत होती, गार.

लाईट आली, पंखा फिरला, शेवटचं फडकं टबात पडलं आणि मग त्यानं कडी काढली. लोण्यासारखी सरकली. दोघांनी गूळ खाल्ला, धुरावर गूळ खायचा असतो म्हणून. तेजसशेठनं लस्सी मागवली. मुख्तार हसत म्हणाला होता, "आज आमच्या छातीत पण तोळाभर गेलं असेल, शेठ, ते कसं वजा करणार?" सगळे हसले. घरी जाऊन लीलाधर पोटभर जेवला. पहाटे जाग आली ती छातीवर कोणीतरी पोतं टाकल्यासारखी, आणि तोंडातून गुलाबी फेस. मुख्तारचंही तसंच, तासाभराच्या अंतरानं. लीलाधर सतरा दिवसांनी उठून बसला तेव्हा गोष्ट तयार होऊन बसली होती; कडी जाम झाली, दोघं अडकले, तरी दोघांनी सोनं वाचवलं, गुंजभर कमी भरलं नाही. कोणी सांगितलं? तर मुख्तारभाईंनी, श्वासाचं मशीन लावण्याआधी, शेठनी विचारलं तेव्हा. मुख्तारला चाळीस दिवस लागले आणि मग मुलगी त्याला धुळ्याला घेऊन गेली.

त्यानं असं का सांगितलं असेल? पारोळ्याला गाडी थांबली, चहावाला खिडकीशी येऊन गेला, आणि लीलाधर तोच प्रश्न उलटसुलट करत राहिला. मला वाचवायला? की मला आयुष्यभर बांधून ठेवायला? वाईट विचार करायला माणसाला काही दम लागत नाही. फोनवर मुख्तार एवढंच म्हणायचा, "कसा आहेस, भाऊ? ये एकदा." आणि लीलाधर म्हणायचा, येतो, ऊन कमी झालं की येतो, थंडी कमी झाली की येतो. आज सकाळी मात्र फोन करून निघालो म्हणून त्यानं कळवलं होतं, आणि मनाशी पक्कं केलं होतं. जायचं, डबा ठेवायचा, आणि म्हणायचं, मुख्तारभाई, कडी मी धरली होती, तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे, तू शिव्या घाल. शिव्या खाण्याची त्यानं इतकी तयारी केली होती की धुळ्याच्या स्टँडवर उतरताना त्याला जवळजवळ हलकं वाटलं.

देवपुरात, पांझरा नदीच्या पलीकडे, तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मुख्तारच्या मुलीनं, रूहीनं, दार उघडलं. ती लहान असताना दुकानात यायची तेव्हा लीलाधर तिला चांदीच्या तारेची अंगठी वळून द्यायचा. ती त्याच्या पाया पडल्यासारखी वाकली आणि तो दचकला. "या काका, अब्बू सकाळपासून दाढी करून बसलेत." मग बाहेर रस्ता खोदलेला, धूळ येते, म्हणून तिनं दार लावून घेतलं. पलंगावर मुख्तार बसला होता. त्याची हाडं तेवढीच रुंद होती आणि त्यांच्यावर सदरा वाळत घातल्यासारखा होता. नाकात नळी, नळी लांबच लांब फरशीवरून कोपऱ्यातल्या मशीनपर्यंत, आणि मशीनची संथ घरघर. "आलास," तो म्हणाला. मग श्वास घेतला. "बस. जवळ बस. मोठ्यानं बोलता... येत नाही." लीलाधरनं डबा काढला. मुख्तारनं झाकण उघडून वास घेतला, नळीमुळे आला की नाही कोण जाणे, आणि हसला. "भाभीच्या हातचं. रूही, भाकरी टाक कळण्याची." दोघं काही वेळ एकमेकांच्या श्वासाकडे बघत बसले. दोन म्हातारे कोणाच्या गुडघ्यात जास्त दुखतं ते विचारतात तसं मुख्तारनं विचारलं, "किती पायऱ्या?" लीलाधर म्हणाला, "आठ. मग थांबावं लागतं." मुख्तारनं दोन बोटं दाखवली.

"मुख्तारभाई," लीलाधर म्हणाला, "काल सुतार आला होता. कडी काढली."

"बरं झालं."

"जाम नव्हती ती."

मुख्तारनं हात हलवला, माशी वारावी तसा. "मला काय सांगतोस. माझा हात... नव्हता का तिच्यावर?" रूही चहा घेऊन आली. त्यानं तिला थांबायची खूण केली. "हिला सांगितलंय मी. फक्त हिला. ऐक, भाऊ. तेव्हा मला पण राग आला. वाटलं, हा येडा झाला. मग तुझ्या डोळ्यांत बघितलं... आणि डोक्यात उजेड पडला." तो थांबला. मशीन घरघरत राहिलं. "दार उघडलं असतं. गर्दी आत आली असती. सोनं सगळं फरशीवर. चार गुंजा जरी कमी भरलं असतं... पहिल्यांदा खिसे कोणाचे बघितले असते? तुझे? तू आबाशेठचा माणूस. माझे बघितले असते. मुख्तारचे. शेठ वाईट नाही रे. पण बघितले असते. अठरा वर्षं... एका दुपारी पुसली असती. तुला ते कळलं. म्हणून तू कडी धरलीस. स्वतः धूर खाल्लास आणि माझ्या नावाला डाग लागू दिला नाहीस. म्हणून मी म्हटलं, कडी जाम झाली. तुझ्यावर कशाला येऊ देऊ?"

रूही म्हणाली, "अब्बू रोज तुमचं नाव घेतात, काका." तिचे डोळे भरले होते. तिनं बशी त्याच्या हातात दिली ती दोन्ही हातांनी.

 शिव्यांची तयारी करून आलेल्या माणसाच्या ओंजळीत कोणी हे असलं काही टाकेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. घे की, कोणीतरी आत म्हणालं. फुकट मिळतंय, आणि एका माणसाला त्यावर जगता येतंय. नुसतं हो म्हण, काल म्हणालास तसं. आणि कोण जाणे, खरंही असेल. असेल का? तो त्या मिनिटात परत गेला. पाठीला दार, तळहाताखाली कडी, कडीवर मुख्तारचा हात, विटकरी धूर. त्या मिनिटाला त्यानं कसोटीच्या दगडावर घासावं तसं घासून बघितलं, एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. मुख्तारच्या नावाची एकसुद्धा रेघ उमटली नाही. उमटली ती एका मेलेल्या म्हाताऱ्याची शाबासकी. लीलाधर आत असला की मला खोलीकडे बघावं लागत नाही. तेवढ्यासाठी. मुख्तारचं भय खरं होतं, अठरा वर्षं तो ते घेऊन त्या खोलीत बसत होता, हातभर अंतरावर, आणि लीलाधरला ते आज, आत्ता, चहाची बशी हातात असताना कळत होतं. याची लाज त्या कडीपेक्षा मोठी होती.

"नाही," तो म्हणाला.  "नाही, मुख्तारभाई. असं नव्हतं. माझ्या डोक्यात असलं काही आलंच नाही. मी माझ्या नावासाठी धरली कडी. आबाच्या शब्दासाठी. तू... तू मला आठवलाच नाहीस तेव्हा."

मुख्तारनं त्याच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले आणि मान उशीवर टेकली. त्याच्या गळ्याजवळची कातडी आत ओढली जात होती, सुटत होती, आत ओढली जात होती. रूही जागच्या जागी उभी राहिली. मग तिनं लीलाधरच्या हातातली बशी काढून घेतली, चहा अर्धा होता तरी. "काका," ती म्हणाली, आणि आता त्या शब्दात काहीच नव्हतं, "तुम्ही निघा. अब्बूंना बोलून त्रास होतो."

लीलाधर उठला. उठताना छाती आवळली गेली. त्यानं खिशात पंप शोधला. एका खिशात डॉक्टरीणबाईंचं झाडाचं चित्र लागलं, दुसऱ्यात एस.टी.चं तिकीट. पंप पिशवीत होता आणि पिशवी खुर्चीखाली, आणि वाकणं जमत नव्हतं. खोलीत चहाची वाफ, तव्यावरच्या भाकरीचा धूर, बंद दार. तो भिंतीला धरून उभा राहिला. घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तो त्याला स्वतःला दुरून ऐकू येत होता. रूही त्याच्याकडे बघत होती आणि हलत नव्हती. त्याला तिचा राग आला नाही.

"रूही," मुख्तार म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "दार उघड. त्याचा दम... कोंडतोय."

"अब्बू, त्यांनी तुम्हाला..."

"उघड, बेटा." त्यानं श्वास घेतला, नळीतून, मशीनमधून, फरशीवरून लांबच लांब. "सोनं गेलं चुलीत."

रूहीनं बशी खाली ठेवली, दारापाशी गेली, आणि कडी काढली.